हिरवळीतले तपकिरी डाग: फवारणीच्या आधी माती उकरून पाहा

आपल्या प्रश्नावरून चित्र असे दिसते: गुहागरजवळच्या घराच्या अंगणात तीन वर्षांपूर्वी लावलेले मेक्सिकन लॉन आहे, श्रावणात त्यावर ताटाएवढे तपकिरी डाग पडले, रोपवाटिकेतून आणलेले बुरशीनाशक आपण दोनदा फवारले, जोडीला युरियाही दिला, आणि डाग वाढतच आहेत. माझा पहिला सल्ला असा की युरिया आजच थांबवावा आणि तिसरी फवारणी करण्यापूर्वी खुरपे घेऊन डागाजवळ बसावे. वरून सारखेच दिसणारे डाग खालून अगदी निरनिराळे निघतात.

पाहणी डागाच्या मधोमध करू नये, कारण तिथले गवत मरून गेलेले असते आणि कारणही बहुधा पुढे सरकलेले असते. जिवंत आणि मेलेले गवत जिथे भेटते त्या कडेवर बसावे. तिथली दोन-चार पाती चिमटीत धरून ओढावीत. पाते बुडाशी कुजून अलगद सुटून आले, पण मुळे जमिनीत घट्ट राहिली, तर बुरशीचा संशय धरावा. डागाची कड पिवळसर-नारिंगी असणे आणि पहाटे दव असताना पात्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसणे ही त्याच बाजूची लक्षणे होत. ही बुरशी बहुधा रायझोक्टोनिया नावाची असते. आपल्याकडे भाताच्या खाचरात पर्णकोष करपा आणणारी बुरशी याच जातीची आहे, फक्त तिचा गट वेगळा. पाती दिवसेंदिवस ओली राहिली आणि युरियातल्या नत्राने गवत लुसलुशीत झाले की तिचे फावते. म्हणजे युरियाने आपण तिला एक प्रकारे खुराकच दिला. दोन फवारण्या वाया गेल्या यावरून मात्र बुरशी नाहीच असे ठरत नाही. कोकणच्या पावसात औषध धुऊन जाते, शिवाय मेलेले पाते औषधाने पुन्हा हिरवे होत नाही. फवारणीचा उपयोग झाला तर तो कडेचे निरोगी गवत वाचवण्यापुरता होतो. त्याहून अधिक फरक कापणीने पडतो: गवत कोरडे असतानाच कापावे, कापलेले उचलून टाकावे, आणि वारा अडवणारे कुंपण छाटावे.

ओढल्यावर पाते सुटण्याऐवजी गवताचा थरच गोधडीसारखा उचलला गेला, तर मुळे कोणीतरी खाल्लेली आहेत. तो बहुतेक हुमणीचा, म्हणजे मुळे खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचा उद्योग. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती जे भुंगेरे घोंगावतात, त्यांच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत चांगल्या पोसलेल्या असतात. कडेला एक फूट लांब-रुंद चौकोन आखून तीन-चार इंच माती उकरावी आणि तपकिरी डोक्याच्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या मोजाव्यात. एक-दोन सापडल्या तर दुर्लक्ष करावे. पाच किंवा अधिक असतील तर उपाय हवा. येथे एक घोटाळा नेहमी होतो. माडाच्या बागेशेजारच्या शेणखताच्या खड्ड्यात ज्या जाडजूड अळ्या दिसतात, त्या बहुधा गेंड्या भुंग्याच्या असतात आणि कुजलेल्या पदार्थांवर जगतात, गवताच्या मुळांवर नव्हे. लॉनवर पसरलेल्या खतातून एखादी आली म्हणून तिच्यावर डागांचा आळ घेऊ नये. हुमणी ठरली तर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळलेले मेटारायझियम (अळ्यांना मारणारी बुरशी) ओलसर मातीत द्यावे. मात्र तीही एक बुरशीच असल्याने आपले बुरशीनाशक तिलाच मारण्याची शक्यता आहे. दोन्ही एकाच सुमारास वापरू नयेत.

पाते सुटत नाही, थर उचलत नाही, तरी गवत मरते आहे, असे असेल तर पहार किंवा लांब स्क्रूड्रायव्हर मातीत घालून पाहावा. हे मी पदरमोड करून शिकलो आहे. दोन पावसाळे मी एकाच कोपऱ्यावर औषधे मारत राहिलो. शेवटी पहार दोन इंचांवर खणकन अडली आणि खाली गवंड्याने पुरून ठेवलेले चिऱ्यांचे तुकडे व वाळलेला सिमेंटचा माल निघाला. कातळावर पातळ भराव टाकून केलेल्या अंगणातही हेच घडते: पावसात पाणी तुंबून मुळे गुदमरतात आणि एप्रिलमध्ये तीच जागा सर्वांत आधी करपते. डागाचा आकारही बोलका असतो. छपराच्या पागोळ्यांखाली सरळ पट्टा पडला, तर तिथली माती पाण्याच्या माऱ्याने दबून शेवाळली आहे; मध्ये जळलेले आणि भोवती गर्द हिरवे कडे असेल, तर कुत्र्याच्या मुतण्याचा संशय घ्यावा.

जांभ्याची माती आम्लधर्मी असते म्हणून काही जण सरसकट चुना टाकायला सांगतात; तपासणीशिवाय टाकू नये. मातीचा नमुना दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे देता येईल, पण त्यात नुकताच युरिया दिलेला भाग घेऊ नये.

दुरुस्तीची घाई नको. कारण सापडून ते दूर झाले आणि डागाची कड दोन आठवडे पुढे सरकली नाही, की पाऊस ओसरताना वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, मेलेला थर खरवडून काढावा आणि निरोगी भागातले मुठीएवढे गड्डे सहा-सहा इंचांवर लावावेत. पायाने दाबून बसवलेले गड्डे थंडीतही धरतात, फक्त त्यांना पाणी सकाळी द्यावे.