‘कोर्ट’मध्ये नक्की काय बघायचं?

सगळे जण अलीकडे काय बघितलं ते सांगतायत, त्यात तू लिहिलंयस की ‘दशावतार’ थिएटरात बघून अंगावर काटा आला, परत आईबाबांना घेऊन गेलास, आणि त्याच जोशात कुणीतरी सुचवलं म्हणून घरी ‘कोर्ट’ लावलास तर अर्ध्या तासात बंद केलास. काहीच घडत नाही, कॅमेरा एका जागी ठेवून दिलाय, म्युझिक नाही, तरी सगळे भारी म्हणतात, ताई यात नक्की काय बघायचं ते तरी सांगा. त्यावर दोघा-तिघांनी तुला ‘हा तुझ्यासाठीचा सिनेमा नाही’ छापाची उत्तरं दिली ती वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण असंच बोलून बोलून आपण चांगल्या सिनेमाचे प्रेक्षक घालवलेत. प्रश्न एकदम रास्त आहे आणि त्याचं सविस्तर उत्तर द्यायलाच हवं.

आधी ‘दशावतार’बद्दल, कारण तिथे माझं तुझं जमतं. दिलीप प्रभावळकरांनी या वयात तो दशावतारात काम करणारा बाबुली मेस्त्री उभा केलाय, त्या माणसाचा रंगभूषेच्या आधीचा चेहरा आणि नंतरचा चेहरा, दोन्हीत तोच माणूस दिसत राहतो हे फार अवघड काम आहे. दिग्दर्शक सुबोध खानोलकरांनी कोकण नुसतं सुंदर म्हणून दाखवलं नाहीये, तिथल्या माणसाचा जमिनीशी जो जीव अडकलेला असतो तो दाखवलाय. उत्तरार्धात पार्श्वसंगीत जरा जास्तच अंगावर येतं असं माझं मत, पण मोठ्या पडद्यावर भरलेल्या थिएटरात मराठी सिनेमा बघायला मिळाला याचा आनंद त्याहून मोठा. तर तो तुला आवडला यात कमीपणा काही नाही, आणि ‘कोर्ट’ आवडण्यासाठी तो नावडायला हवा असंही नाही.

आता ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणेचा पहिलाच मोठा सिनेमा, 2014 चा. व्हेनिसला बक्षिसं मिळाली, सुवर्णकमळ मिळालं, 2015 मध्ये भारताकडून ऑस्करला गेला, पण हे सगळं बाजूला ठेव, बक्षिसांमुळे कुणाला सिनेमा आवडत नाही. गोष्ट एवढीच की नारायण कांबळे नावाचा म्हातारा लोकशाहीर आहे, त्याच्यावर आरोप असा की त्याने एक गाणं म्हटलं आणि ते ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. आता एवढ्या भयंकर आणि हास्यास्पद आरोपावर दुसऱ्या कुणी सिनेमा केला असता तर टेबलावर हात आपटणारे वकील, हातोडा, शेवटी टाळ्या घेणारं भाषण, सगळं आलं असतं. इथे तारखा पडतात. साक्षीदार आला नाही, पुढची तारीख. बाईने बिनबाह्यांचा ड्रेस घातलाय म्हणून न्यायाधीश तिची केसच ऐकत नाहीत, पुढची तारीख. तुला जे ‘काहीच घडत नाही’ असं वाटतंय ना, तेच त्या म्हाताऱ्याच्या बाबतीत घडतंय, त्याचं आयुष्य त्या तारखांमध्ये जातंय, आणि दिग्दर्शक तुला फक्त ते माहिती म्हणून सांगत नाहीये तर तुझ्याकडूनही थोडा वेळ घेतोय. कंटाळा येतो तो बरोबरच येतो, पण तो आल्यावर बंद करायचं की कुणामुळे येतोय ते बघायचं, इथे खरा फरक पडतो.

तू जिथे बंद केलास त्याच्या पुढे एक साक्ष आहे, निदान तेवढ्यासाठी तरी परत लाव. त्या मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला उभी राहते. तिला विचारतात की नवरा मॅनहोलमध्ये उतरायचा तेव्हा त्याच्याकडे काय काय साधनं असायची. काही नसायची. मग आत गॅस आहे की नाही हे कसं कळायचं, तर तो आधी खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली की समजायचं आत हवा आहे, मग उतरायचं. आणि वास सहन व्हावा म्हणून आधी दारू प्यायचा. हे ती ज्या आवाजात सांगते ना, रेशन दुकानात कुणी पत्ता सांगावा तसं. रडणं नाही, व्हायोलिन नाही, क्लोजअपची घाई नाही. आणि त्या झुरळाच्या उत्तरात सरकार पक्षाची अख्खी केस कोसळते, कारण त्या माणसाला मारायला गाण्याची गरजच नव्हती. कोर्टात कुणी दचकत नाही, काम पुढे चालू राहतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते पुढे चालू राहणंच मला जास्त लागलं होतं. तिथे दिग्दर्शकाने म्युझिक वाजवलं असतं तर आपण दोन थेंब गाळून मोकळे झालो असतो, त्याने आपल्याला मोकळं केलं नाही.

दुसरी गोष्ट, सरकारी वकील नूतन. गीतांजली कुलकर्णीने केलीये आणि माझ्या मते गेल्या पंधरा-वीस वर्षांतलं मराठी सिनेमातलं हे सगळ्यात चोख काम आहे. कोर्टात ती कायद्याची कलमं एका सुरात धडाधडा वाचते, त्यात 1876 चा नाट्यप्रयोगांवरचा इंग्रजांच्या काळातला कायदासुद्धा येतो. मग कोर्ट सुटतं आणि कॅमेरा तिच्याबरोबर निघतो. लोकलमध्ये साडीबद्दल, नवऱ्याच्या डायबिटीसबद्दल गप्पा, पाळणाघरातून मुलाला घेणं, घरी येऊन स्वयंपाक, बाकीचे टीव्हीसमोर. तुला वाटेल याचा केसशी काय संबंध, हा सीन कापला असता तरी चाललं असतं. नसतं चाललं. कारण हीच बाई सहकाऱ्यांशी बोलताना म्हणते की तेच तेच चेहरे बघून कंटाळा आला, एकदाची वीस वर्षं ठोकून मोकळं व्हायला पाहिजे. ती खलनायिका असती तर आपण तिला शिव्या घालून सुटलो असतो, पण तिची पोळीभाजी आपण बघितलीये, आपल्या घरातली, शेजारची, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पुढच्या खुर्चीवर बसणारी बाई आहे ती. अन्याय करायला राक्षस लागत नाही, घरी जायची घाई असलेली साधी माणसं पुरतात, हे त्या स्वयंपाकघराच्या सीनशिवाय कसं कळलं असतं सांग.

(तिच्या घरचे सगळे परप्रांतीयांविरुद्धच्या एका नाटकाला जातात तो भाग मात्र मला जरा ठळक वाटतो, तिथे ताम्हाणेने आपल्याला बोट धरून नेलंय. बाकी सिनेमात इतका संयम असताना ते खटकतं.)

शेवटाबद्दलही सांगते, कळला तरी मजा जात नाही असा तो शेवट आहे. मे महिन्याची सुट्टी लागते, कोर्ट रिकामं होतं, दिवे एकेक करून बंद होतात, अंधार. संपला म्हणून लोक उठायलाच लागतात. आणि मग सिनेमा सरळ न्यायाधीशांच्या सहलीवर जातो. रिसॉर्ट, पाण्यात खेळणारी माणसं, हेच न्यायाधीश कुणालातरी मुलासाठी अंकशास्त्राचा सल्ला देतायत, नंतर बाकावर बसून डुलकी काढतायत, पोरं ओरडून त्यांना दचकवतात, हाताला लागलेल्या पोराच्या ते कानाखाली देतात, आणि परत डोळे मिटतात. ज्या माणसाच्या हातात कांबळेचं आयुष्य आहे तो माणूस हा. कुणी एक शब्दही तसं बोलत नाही, पण तू आधी दीड तास कोर्टात बसला असशील तरच ती थप्पड तुला नीट ऐकू येईल, म्हणून म्हणते अर्ध्या तासात बंद केलेल्या माणसाला हा सिनेमा खरंच काहीच देत नाही, आणि त्यात तुझी एकट्याची चूक नाहीये, हा सिनेमा तसाच बांधलाय.

बरं, तुला शांतता झेपत नाही असंही मी मानत नाही. ‘सैराट’ बघितलायस ना? अजय-अतुलच्या गाण्यांनी नाचवलेला सिनेमा, आणि शेवटी ते लहान मूल घराबाहेर चालत येतं तेव्हा आवाज पूर्ण काढून घेतलाय. नुसती पावलं. ‘झिंगाट’ला शिट्ट्या मारणारं थिएटर तिथे चिडीचूप बसलं होतं, गावागावात बसलं होतं. कुणीही म्हणालं नाही की म्युझिक का नाही. म्हणजे आपल्या प्रेक्षकाला शांतता कळते, नागराज मंजुळेंनी आधी अडीच तास जीव लावला आणि मग ती दिली, ताम्हाणे पहिल्यापासून देतो, एवढाच फरक. त्याच नागराजचा ‘फँड्री’ या दोन्हीच्या मधला आहे. डुकराच्या मागे सगळं घर धावतंय, आता हाताला लागणार इतक्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जागच्या जागी उभे, आणि डुक्कर निघून जातं. बघताना आधी हसू येतं आणि मग ते घशात अडकतं. पुढे ते डुक्कर बांधून नेतात तेव्हा मागे शाळेच्या भिंतीवर महापुरुषांची चित्रं आहेत, कॅमेरा ती नुसती दिसू देतो.

म्हणून माझा सल्ला, ‘कोर्ट’वर थेट उडी मारू नको. आधी ‘किल्ला’ बघ, अविनाश अरुणचा. वडील गेलेत, आईची बदली झालीये, पुण्यातला मुलगा कोकणातल्या गावात येऊन पडलाय, एवढंच. अमृता सुभाष आई आहे. पोरं सायकली घेऊन किल्ल्यावर जातात, पाऊस येतो आणि तो एकटा मागे राहतो, तिथे फार संवाद नाहीत पण तुला एका सेकंदासाठीही काही घडत नाही असं वाटणार नाही, कारण एकटं पडणं सगळ्यांना माहीत असतं. मग ‘फँड्री’, मग ‘कोर्ट’ परत. आणि आपल्या पुण्याच्या सुमित्रा भावेंचा ‘दिठी’ त्यानंतर, घाईने नको. मुलगा गेलेला लोहार, बाहेर धो धो पाऊस, आणि अडलेली गाय. द. बा. मोकाशींच्या कथेवरचा आहे. किशोर कदमचा चेहरा बघत बसायचं.

आणि बघायचं कसं, हे मी मुद्दाम सांगते कारण यावर कुणी बोलत नाही. मोबाईलच्या स्पीकरवर असे सिनेमे मरतात. मोठ्या आवाजाचा सिनेमा तिथेही कसाबसा पोचतो, पण ‘कोर्ट’मध्ये बाजूच्या केसचं पुटपुटणं, कागद, खुर्च्या, बाहेरची वर्दळ हेच संगीत आहे, ते ऐकू आलं नाही तर उरतं ते नुसतं स्थिर चित्र, मग कंटाळा येणारच. हेडफोन लाव, खोलीत अंधार कर, फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि एका बैठकीत बघ, दोन तासांच्या आतलाच सिनेमा आहे. पंधरा मिनिटं आज, वीस मिनिटं उद्या जेवताना, असं केलंस तर तो तारखांचा भार साठतच नाही.

त्याहून उत्तम म्हणजे थिएटर, आणि याबाबतीत पुण्यात राहून तक्रार करायला जागा नाही. लॉ कॉलेज रोडवर 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, पी. के. नायरांनी आयुष्य घालून तिथे रिळं जमवली, संग्रहालयाच्या थिएटरात खेळ होतात त्यावर लक्ष ठेव. आशय फिल्म क्लबचे खेळ असतात. जानेवारीच्या आसपास पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, त्यात मराठी सिनेमांचा वेगळा विभाग असतो आणि त्यातलं बक्षीस ‘संत तुकाराम’च्या नावाने आहे. तो 1936 चा सिनेमा प्रभात फिल्म कंपनीने याच शहरात केला, आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्याच स्टुडिओत. या खेळांना बाहेर रांगेत उभं राहून शेजारच्या अनोळखी माणसाशी वाद घालायला मिळतो हा आणखी फायदा. बाकी नेहमीच्या मल्टिप्लेक्समध्ये असे मराठी सिनेमे दुपारी बाराचा एक शो मिळवून पुढच्या शुक्रवारी गायब होतात, तेव्हा रविवारची वाट बघत बसू नको, पहिल्या दोन दिवसांत जा.

आता एक गोष्ट तुझ्या बाजूने. संथ सिनेमा म्हणजे चांगला सिनेमा असं बिलकुल नाही. फेस्टिव्हलला जाण्यासाठी म्हणून केलेले पोकळ सिनेमे मी भरपूर बघितलेत, पाठमोरा माणूस, खिडकी, पाऊस, परत पाठमोरा माणूस. ओळखायचं कसं, तर शॉट लांबला की स्वतःला विचार, सुरुवातीला मला जे माहीत होतं त्यात आता काही भर पडली का, या माणसाबद्दल माझं मत थोडंसं तरी हललं का. नूतनच्या स्वयंपाकघरात हलतं. जिथे सलग तीन-चार वेळा काहीच हलत नाही तिथे बिनधास्त उठून जा आणि इथे येऊन तसं लिही, तुला कुणी काही म्हणालं तर मी आहे. फक्त ‘बोअर आहे’ एवढंच लिहू नको, कुठल्या सीनला सुटलास ते लिही, म्हणजे बोलता येतं. वरच्या त्या तिघांनाही माझं हेच सांगणं आहे, ‘मास्टरपीस’ लिहून निघून जाता, त्यातला एक सीन तरी सांगा की.

‘किल्ला’ या शनिवार-रविवारी होऊन जाईल तुझा. ‘कोर्ट’ परत बघितलास की ती झुरळांची साक्ष आणि नूतन, या दोन्हीबद्दल तुला काय वाटलं ते लिही, नाही आवडला तरी लिही, मी वाट बघते.