फेकरने तयार केलेली यादृच्छिक डेटा फाइल दर वेळी तशीच कशी मिळवावी?

आपला प्रश्न असा आहे : पायथनमधील फेकर या खोटा नमुना डेटा बनवणाऱ्या लायब्ररीने ग्राहक आणि ऑर्डर अशा दोन सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या) फायली तयार केल्या, सीड (यादृच्छिक संख्यांची मालिका ज्यावरून सुरू होते तो आकडा) दिले, तरीही डेटा बदलतो आणि एखादी टेस्ट आज फेल होते, तर उद्या तीच पास होते. याचे कारण बहुधा स्क्रिप्टमध्येच सापडेल, कारण एकच सीड सगळीकडे लागू होते असे आपण गृहीत धरलेले दिसते.

फेकर स्वतःचा स्वतंत्र यादृच्छिक संख्यानिर्माता बाळगतो. त्यामुळे फेकरला सीड दिले, पण ऑर्डरची संख्या किंवा वस्तूंची निवड पायथनच्या रँडम मॉड्यूलने केली, तर तो भाग मोकाटच राहतो. त्यालाही वेगळे सीड द्यावे लागते आणि नमपाय ही गणिती लायब्ररी वापरत असल्यास त्यालाही. पायथनच्या यूयूआयडी (एकमेव ठरावा असा लांब ओळखक्रमांक) मॉड्यूलमधील चौथ्या प्रकारचे क्रमांक तर ऑपरेटिंग सिस्टिमकडून येतात, त्यांच्यावर कोणत्याच सीडचा परिणाम होत नाही. ते हवे असतील तर फेकरमधीलच यूयूआयडी वापरावेत.

याहून फसवी गोष्ट म्हणजे तारखा. 'गेल्या तीस वर्षांतील कोणतीही तारीख' किंवा वयावरून जन्मतारीख मागितली की फेकर ती आजच्या दिवसापासून मोजतो. सीड तेच असले, तरी उद्या 'आज' बदललेला असतो आणि त्याबरोबर तारखाही सरकतात. टेस्टमध्ये आर्थिक वर्षाची सीमा किंवा वयाची १८ वर्षांची अट असेल, तर एक दिवस सरकल्यानेही निकाल उलटतो. म्हणून सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन्ही तारखा, उदाहरणार्थ १ जानेवारी २०२० ते ३१ डिसेंबर २०२३, स्वतःच ठरवून द्याव्यात. आपली टेस्ट दिवसागणिक बदलते आहे, त्यामुळे मी सर्वांत आधी हीच जागा तपासली असती. याखेरीज लायब्ररीची आवृत्ती शेवटच्या अंकापर्यंत पक्की करावी, कारण फेकरमधील नावांच्या याद्या सतत सुधारल्या जातात आणि किरकोळ अपडेटनंतरही तेच सीड वेगळी नावे देऊ शकते.

दुसरा मुद्दा पुनरावृत्तीचा. ग्राहक क्रमांक सहा अंकी यादृच्छिक ठेवला, तर शक्यता दहा लाख असतात आणि इतक्या शक्यतांमध्ये एकही क्रमांक पुन्हा येणार नाही असे वाटते. प्रत्यक्षात सुमारे १,२०० नोंदींतच कुठेतरी दोन क्रमांक जुळण्याची शक्यता निम्म्यावर जाते. फेकरच्या युनिक सुविधेने हे टळते, मात्र उपलब्ध पर्याय संपत आले की ती अपवाद फेकते, म्हणजे त्रुटी दाखवून थांबते. प्राथमिक किल्लीसाठी, म्हणजे प्रत्येक नोंद ओळखणाऱ्या क्रमांकासाठी, साधा वाढता क्रमांक वापरावा असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे यादृच्छिकतेचा काहीच उपयोग नसतो.

ऑर्डरच्या फाइलसाठी आधी तयार केलेल्या ग्राहकांचे फक्त क्रमांक मेमरीत ठेवावेत आणि त्यांतूनच निवड करावी, म्हणजे अस्तित्वात नसलेल्या ग्राहकाची ऑर्डर तयार होणार नाही. ही निवड सर्वांना समान वाटा देणारी नसावी. खऱ्या व्यवहारात थोडे ग्राहक पुष्कळ ऑर्डर देतात आणि काही जण एकही देत नाहीत. हा शून्य ऑर्डरचा ग्राहक फाइलमध्ये नसेल, तर जॉइनमधील, म्हणजे दोन फायली एकत्र जोडण्यातील, चूक कधीच दिसणार नाही. रकमांसाठीही समान विभागणीपेक्षा लॉगनॉर्मल विभागणी (बहुतेक रकमा लहान, थोड्याच खूप मोठ्या) वास्तवाच्या जवळ जाते.

फाइल लिहिताना सर्व ओळी यादीत साठवू नयेत. एक ओळ तयार करावी आणि लगेच लिहावी, मग लाखो ओळींनाही मेमरी पुरते. पायथनच्या सीएसव्ही मॉड्यूलला द्यायची फाइल उघडताना न्यूलाइनचे मूल्य म्हणून रिकामी स्ट्रिंग ('') द्यावी, अन्यथा विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ येते. ईमेलसाठी फेकरचा सेफ ईमेल वापरावा : तो उदाहरणांसाठी राखीव ठेवलेले डोमेन वापरतो, त्यामुळे चुकून पाठवलेला संदेश खऱ्या माणसाच्या हाती पडत नाही.

अडचणीच्या नोंदी मात्र यादृच्छिकतेवर सोडू नयेत. रिकामे नाव, स्वल्पविराम किंवा अवतरणचिन्ह असलेला पत्ता, मधेच ओळ तुटलेला शेरा, २९ फेब्रुवारीची तारीख : या ओळी स्वतःच्या हाताने लिहून फाइलच्या सुरुवातीला घालाव्यात. नवे बग शोधण्यासाठी रोज वेगळा डेटा हवाच असेल, तर मुख्य टेस्ट स्थिर सीडवर ठेवून रात्रीच्या वेगळ्या फेरीत सीड बदलावे आणि ते लॉगमध्ये छापावे, म्हणजे फेल झालेली टेस्ट सकाळी त्याच डेटावर पुन्हा चालवता येते.