'पुरेसा' हा शब्द आधी खोड

बाळ,

प्रभूमध्ये सलाम.

शिबिरात सगळे रडले, तुला रडू आलं नाही. तेवढ्यावरून तुझं पापातून तारण झालंय की नाही ही शंका, आणि तीन महिने चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला तू बाकावरून उठलेलाच नाहीस. आधी पुरेसा पश्चात्ताप, मग विश्वास, असा क्रम तू धरून बसलायस. त्यातला 'पुरेसा' खोड. हे मी पुन्हा सांगणार आहे, कंटाळलास तरी.

निम्मा घोळ आपल्याच शब्दाने घातलाय. पश्चात् अधिक ताप. ऐकलं की होरपळणं डोळ्यांपुढे येतं आणि आपण थर्मामीटर लावून बसतो. हिब्रूतला 'शूव' म्हणजे माघारी फिरणं, ग्रीकमधला 'मेटानोईया' म्हणजे मन पालटणं. पापाकडे पाठ झाली की ख्रिस्ताकडे तोंड होतंच. पाठीला पश्चात्ताप म्हण, तोंडाला विश्वास. वळणारा एकच, वळणंही एकच. इफिसच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांशी बोलताना प्रेषित पौल दोन्ही एका दमात सांगतो (प्रेषितांची कृत्ये २०:२१), ते उगाच नाही.

ताप मोजायचाच तर येशूला पैशासाठी धरून देणाऱ्या यहूदाचा मोज. त्याने रुप्याची तीस नाणी परत केली, पाप कबूल केलं आणि गळफास घेतला. मत्तय २७:३ मध्ये त्याच्यासाठी ग्रीक क्रियापदही वेगळं आहे, हळहळण्याचं. शिष्य पेत्राने येशूला तीनदा नाकारलं होतं. पण लूक २२:६१ नीट वाच: प्रभूने वळून पेत्राकडे पाहिलं. पेत्राचं रडणं पुढच्या वचनात आहे. आधी कोण वळलं?

जकातदार जक्कयाचंही तसंच (लूक १९). 'आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे' हे येशूचं बोलणं पाचव्या वचनात. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट, हे जक्कयाचं आठव्या वचनात. स्वतःहून कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, एवढंच नियमशास्त्र मागतं (गणना ५:७). हा चौपट देतोय, आणि उंबराखाली त्याच्याकडे कुणी पैचा हिशेब मागितला नव्हता.

स्कॉटलंडमध्ये ऑक्टरार्डरची प्रेस्बिटरी, म्हणजे तिथलं चर्चचं विभागीय मंडळ, पाळक होऊ पाहणाऱ्या उमेदवारांकडून एक विधान मान्य करून घेत असे: ख्रिस्ताकडे येण्यासाठी आधी पाप सोडलं पाहिजे, असं शिकवणं बरोबर नाही. चर्चच्या सर्वोच्च सभेने, जनरल असेंब्लीने, १७१७ साली ते विधान धिक्कारलं. शब्दरचना ओबडधोबड होती, मान्य. पण पाप सोडूनच यायचं, तर सोडायची ताकद आणायची कुठून? असं शिकवून मी पोरांना मोकाट सोडतो, असं मलाही ऐकवतात. ऐकवू देत. धाकाने काढलेलं रडू आठवडाभरात वाळतं. हे मला फार उशिरा कळलं आणि त्याची बोचणी अजून आहे, म्हणूनच हट्ट सोडत नाही.

उलटीकडे घसरू नकोस मात्र. देव एक आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात (याकोब २:१९). वळल्याशिवाय नुसतं मानणं ते तसलं.

आता काम. स्तोत्र ५१ काढ. पहिल्या ओळीत दावीद राजा देवाची दया धरतो, पापाचं नाव मग घेतो. तूही तसंच कर. 'माझी सगळी पापं' असलं मोघम नको. पाप गठ्ठ्याने कबूल केलं की त्यातलं एकही आपल्याकडून सोडलं जात नाही. वहीत एकेक लिही: कुणाशी, काय, कधी. आईला बहिणीच्या फीचे म्हणून चार हजार मागितलेस आणि भलतीकडे उडवलेस, असं तूच लिहिलंयस ना? मग आईला तोंडाने सांग, नुसता मेसेज टाकू नकोस. एकदम जमत नसतील तर महिन्याला पाचशे दे, पण पहिले पाचशे याच आठवड्यात. परत करताना रडू आलं नाही तरी चालेल.

आणि १ करिंथ ११:२८ पुन्हा वाच. माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी, असं आहे तिथे. परीक्षा करून बाकावर बसून राहावं, असं नाही. पुढच्या प्रभुभोजनाला मी डावीकडच्या तिसऱ्या बाकावर असेन. शेजारची जागा धरून ठेवतो.

तुझा,
काका