वाचकांचे प्रश्न : हाताने फिरवायचा ऑगर आणि काळी माती

प्रश्न : आमचे घर लातूर जिल्ह्यात असून घरामागे सुमारे दोन गुंठे मोकळी जागा आहे. तिला तारेचे कुंपण घालण्यासाठी १२ लोखंडी अँगल उभे करायचे आहेत आणि आत आंबा, शेवगा व लिंबू लावायचा आहे. त्यासाठी मी ६ इंची, हाताने फिरवायचा ऑगर (नळीच्या खालच्या टोकाला पाते आणि वर आडवा दांडा असलेले खड्डे पाडायचे अवजार) विकत आणला. मे महिन्यात तो अर्ध्या फुटापलीकडे जाईना. पाऊस झाल्यावर फिरवून पाहिला, तर पात्याला माती अशी चिकटली की प्रत्येक वेळी खरवडत बसावे लागले. हे अवजार आमच्या मातीसाठी चुकीचे आहे का?

उत्तर : अवजार चुकीचे नाही; दोन्ही वेळी मातीचा वाफसा, म्हणजे ना फार ओली ना फार कोरडी अशी अवस्था, चुकला. पेरणी आणि कोळपणीसाठी आपण वाफशाची वाट पाहतो, पण खड्डा खोदताना ती पाहत नाही, कारण पहार आणि टिकाव घावाच्या जोरावर कोरड्या मातीतही काम उरकतात. ऑगरला असा घाव नसतो. त्याचे पाते माती पातळ थरांनी कापत खाली जाते आणि कापलेली माती वर उचलते, त्यामुळे माती कापली जाईल इतकी मऊ आणि पात्यावरून सुटेल इतकी भुसभुशीत असावी लागते. आपल्या काळ्या मातीतील चिकण कण पाणी शोषून फुगतात आणि वाळले की आकसून दगडासारखे घट्ट होतात, म्हणून तिच्या बाबतीत ही मधली अवस्था थोडेच दिवस टिकते. ओळखायची रीत आपल्याला ठाऊकच असेल. खालच्या थरातील मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. तो फुटला तर काम सुरू करावे, चपटा होऊन तसाच राहिला तर आणखी दोन-तीन दिवस थांबावे.

उन्हाळ्यातच काम करायचे असेल तर वाफसा तयार करून घ्यावा लागतो. खड्ड्याच्या जागी कुदळीने तीन-चार इंच खोल आळे करून त्यात पाच-सहा लिटर पाणी सोडावे, ते मुरले की पुन्हा तेवढेच सोडावे आणि पूर्ण एक दिवस जाऊ द्यावा. एवढ्याने साधारण वरचा फूटभर थर कामाजोगा होतो. तेवढा काढून झाला की त्याच खड्ड्यात पुन्हा दोन-तीन लिटर पाणी ओतून रात्रभर ठेवावे. काम दोन-तीन दिवसांवर जाते खरे, पण ताकद जवळजवळ निम्मी लागते.

फिरवताना दांड्यावर अंगाचा भार टाकू नये. पाठ सरळ ठेवून दोन-तीन पूर्ण फेरे द्यावेत, ऑगर सरळ वर काढावा आणि माती शेजारी अंथरलेल्या गोणपाटावर झटकावी. पाते पूर्ण भरल्यावरही फिरवत राहिल्यास माती दाबली जाऊन आत अडकते, आणि मग उपसताना कंबर धरते. जवळ पाण्याची बादली ठेवून पाते अधूनमधून बुडवावे, म्हणजे माती कमी चिकटते. दोन फुटांवर नळीला रंगीत पट्टी चिकटवली की खोली वारंवार मोजावी लागत नाही. अचानक करकर आवाज आला आणि ऑगर जागच्या जागी फिरू लागला, तर मुरूम किंवा दगड लागला असे समजावे. तेथे जोर केल्यास आडवा दांडा नळीला जोडलेल्या ठिकाणची वेल्डिंग सुटते. दगड पहारेने मोकळा करून हाताने काढावा आणि मगच पुढे जावे. पात्याची धार कानशीने नीट करून घेण्याचा कंटाळा करू नये, कारण नवे अवजारही दुकानातून बरेचदा बोथटच येते.

आता कुंपणाविषयी. दीड इंची अँगलला ६ इंची खड्डा योग्य आहे. ६ फुटी अँगल असेल तर २ फूट जमिनीत आणि ४ फूट वर असा हिशेब ठेवावा. दोन फुटांच्या आसपास मुरूम लागत असेल, तर थोडे अधिक श्रम घेऊन अँगलचे टोक मुरमात टेकवावे, कारण भेगाळणाऱ्या काळ्या मातीतच उभा राहिलेला अँगल दोन-तीन उन्हाळ्यांत कलतो. अशा खड्ड्यात साधारण ११ लिटर काँक्रीट बसते, म्हणजे १२ खड्ड्यांना मिळून १:२:४ प्रमाणात सिमेंटचे ५० किलोचे एक पोते पुरते. काँक्रीटचा माथा जमिनीच्या किंचित वर आणि चहूबाजूंनी उतरता ठेवावा, म्हणजे पाणी अँगलच्या बुडाशी साचत नाही.

झाडांच्या बाबतीत मात्र मी आपल्याला स्पष्टपणे थांबवू इच्छितो. ऑगरने केलेल्या ६ इंची खड्ड्यात आंब्याचे कलम लावू नये. ओलसर काळ्या मातीतला ताजा खड्डा उजेडात पाहावा : पात्याने घोटल्यामुळे त्याची भिंत सारवल्यासारखी गुळगुळीत आणि चकचकीत झालेली दिसते. अशा भिंतीतून पाणी झिरपत नाही आणि कोवळी मुळेही शिरत नाहीत. ती आतल्या आत गोल फिरत राहतात आणि पावसाळ्यात त्याच साचलेल्या पाण्यात कुजतात. आंब्याला १ मीटर लांब, रुंद आणि खोल, तर शेवग्याला व लिंबाला सुमारे २ फुटांचा चौकोनी खड्डा घ्यावा, तोही उन्हाळ्यात घेऊन तापू द्यावा. तरीही ऑगर येथे उपयोगी पडतो. आखलेल्या चौकोनात आधी आठ-नऊ छिद्रे पाडून घ्यावीत आणि मधल्या भिंती पहारेने ढासळवाव्यात. सलग जमीन फोडण्यापेक्षा हे काम पुष्कळ हलके जाते. शेवटी खड्ड्याच्या कडा खुरप्याने ओरखडून घ्याव्यात.

एक विनंती मनापासून करतो. पहिला फेरा देण्यापूर्वी बोअरच्या मोटारीची केबल, पाण्याची पाइपलाइन आणि शोषखड्डा कोठे आहे, हे घरातील जाणत्या माणसांना किंवा ज्याने ते काम केले त्या गवंड्याला विचारून घ्यावे. आमच्या परसात जमिनीखाली जेमतेम फूटभर पुरलेली मोटारीची केबल आम्ही ऑगरच्या पात्यानेच कापली होती. वीज त्या वेळी बंद होती, म्हणूनच कोणाला काही झाले नाही. तसेच पाडलेला खड्डा रात्री उघडा ठेवू नये. लहान मुलाचा पाय त्यात सहज जातो. फळी आणि वर दगड एवढे झाकणही पुरेसे आहे.

प्रश्न : आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात राहतो. आमच्या अंगणात वीतभर मातीखाली जांभा आहे. आम्ही असा ऑगर घ्यावा का?

उत्तर : घेऊ नये. जांभ्यावर हे पाते केवळ घासले जाईल. तेथे पहार, छिन्नी आणि जाणता कामगार हाच मार्ग आहे. आपल्याकडे माडाच्या बागेत खोल माती असेल, तर तेथे मात्र ४ इंची ऑगर कामाला येतो. खोडापासून चार-पाच फुटांवर फूटभर खोलीची सहा-सात छिद्रे पाडून त्यांत शेणखत भरता येते. मोठे मूळ आडवे लागले तर ते तोडू नये, वीतभर बाजूला सरकून दुसरे छिद्र घ्यावे.