एकच चेनरिंग बसवाच, पण फ्रंट डिरेलर गेल्यावर चेन कोण सांभाळणार ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न वाचताना मला माझी चार वर्षांपूर्वीची बाइकच, म्हणजे सायकल, समोर दिसली. शिमानो १०५ आर७००० गिअर-संच, पुढे पेडलजवळ ५० आणि ३४ दातांच्या दोन चेनरिंग (दातेरी चक्रे), मागे ११ ते २८ दातांची कॅसेट (चक्रांचा संच). चढाच्या तोंडाशी पुढचा गिअर लहान केला की चेन आत पडते. म्हणून पुढे ४२ दातांची एकच चेनरिंग आणि मागे ११-३४ कॅसेट बसवावी, चेन एका रिंगवरून दुसरीवर सरकवणारा फ्रंट डिरेलर काढून टाकावा, म्हणजे चेन पडण्याचा प्रश्नच उरणार नाही, असे तुम्ही लिहिले आहे. मीही अगदी असाच विचार केला होता, आणि त्यातला शेवटचा भाग साफ चुकीचा निघाला.

मी व्यवसायाने मेकॅनिक नाही. स्वतःची आणि दोन मित्रांची अशा तीन बाइक बदलण्याचा जो अनुभव आला, त्यावरूनच लिहितो आहे. क्रँक (पेडलचा दांडा) कसा काढायचा, बोल्ट किती आवळायचे, हे तुम्हाला ठाऊक असणार. त्यात शिरत नाही. एवढेच पाहा की रिंग चार हातांच्या, असमान अंतराच्या, ११० मिमी बोल्ट-वर्तुळाच्या शिमानो क्रँकसाठीच बनवलेली हवी. नुसते ‘११० मिमी’ वाचून मागवलेली पाच बोल्टांची रिंग तुमच्या क्रँकवर बसणार नाही.

गिअरचा हिशेब तुम्ही मांडला आहे तो बरोबर आहे. पुढचे दात भागिले मागचे दात केले तर ३४/२८ म्हणजे १.२१ आणि ४२/३४ म्हणजे १.२४, त्यामुळे चढावर फारसा फरक जाणवत नाही. वरच्या टोकाला मात्र ५०/११ चे ४.५५ जाऊन ३.८२ उरते, मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर ताशी सुमारे ५२ किलोमीटरच्या जागी ४३. मला त्याची खंत वाटत नाही. खरे खटकते ते ११-३४ कॅसेटमध्ये १२ आणि १४ दातांची चक्रे नसणे, कारण सपाट रस्त्यावर समोरून वारा असताना ११ वरून थेट १३ वर जावे लागते आणि पायांची लय मोडते. सिंहगडाच्या शेवटच्या वळणांचा विचार करून मी आज ४२ ऐवजी ४० ची रिंग घेईन. पण हे माझ्या गुडघ्यांचे मत आहे, तुमचे वेगळे असू शकते.

आता मुख्य गोष्ट. एकट्याने वापरायच्या या रिंगला एक जाड, एक बारीक असे दात असतात; जाड दात चेनच्या बाहेरच्या कडीत आणि बारीक दात आतल्या कडीत बसतो, म्हणूनच अशा रिंगच्या दातांची संख्या नेहमी सम असते. ‘हे दातच चेन धरून ठेवतात, वेगळा गाइड (चेन रिंगवर अडवून धरणारा भाग) नको, रिअर डिरेलर (मागच्या चक्रांवर चेन सरकवणारा) आहे तोच चालेल,’ असे मला एका वर्कशॉपमध्ये सांगण्यात आले. त्या वर्कशॉपचे नाव मी घेणार नाही. मी विश्वास ठेवला आणि पहिले तीनशे किलोमीटर काही झालेही नाही.

मग एका रविवारी बोपदेव घाट पुण्याच्या बाजूला उतरत होतो. चेन मागे ११ वर होती आणि पाय थांबवलेले होते. रंबलरच्या पट्ट्यांवरून बाइक थडथडली, पुढे वळण संपल्यावर पेडल मारले तर पाय रिकामा फिरल्यासारखा वाटला आणि लगेच अडकला. दोन गिअर असताना लागलेली सवय अशी की चेन पडली तर हलकेच पेडल मारत ती परत चढवायची. मी तेच केले, एकदा नव्हे तर तीनदा, आणि प्रत्येक वेळी चेन रिंग आणि चेनस्टे (फ्रेमची मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) यांच्यामधल्या फटीत अधिकच घट्ट रुतत गेली. खाली उतरून पाहिले तेव्हा चेनस्टेच्या आतल्या बाजूला बोटभर लांबीची खाच पडली होती, रंगाखालचे कार्बनचे विणलेले धागे उघडे पडले होते आणि बोट फिरवल्यावर त्याला काळी भुकटी लागली. मास्टर लिंक (चेनची सुटणारी कडी) उघडायला माझ्याकडे पक्कड नव्हती. शेजारच्या चहाच्या टपरीवरून मागून आणलेल्या स्क्रूड्रायव्हरने अर्धा तास खटपट केली तेव्हा चेन सुटली. फ्रेमच्या दुरुस्तीला रिंग, कॅसेट आणि चेन या तिन्हींच्या एकत्र किमतीहून जास्त पैसे गेले.

दात खराब नव्हते, मग हे का झाले, ते समजून घ्यायला मला बराच काळ लागला. पाय थांबवलेले असताना चेनचा ताण केवळ रिअर डिरेलरच्या स्प्रिंगवर असतो. खडबडीत रस्त्यावर डिरेलरचा पिंजरा (चेन ताणून धरणारा खालचा भाग) पुढे झुलतो, खालची चेन फटकारल्यासारखी उसळते, त्या क्षणी वरचीही सैल पडते आणि दातांवरून उचलली जाते. पूर्वी अशा वेळी फ्रंट डिरेलरच्या दोन पट्ट्या तिला दोन्ही बाजूंनी अडवून धरत होत्या. आपण त्याला गिअर बदलण्याचे साधन समजतो, पण न मागता तो राखणदारीही करत असतो. माझा फ्रीहब (पाय थांबले तरी मागचे चाक फिरू देणारा भाग) ग्रीस सुकून जड झाला होता, त्याचीही यात भर पडली असावी, कारण असा फ्रीहब पाय थांबवल्यावरही चेन पुढे ढकलत राहतो.

त्याच वर्कशॉपमध्ये परत गेलो तेव्हा ‘तुम्ही पेडल मारायलाच नको होते,’ एवढे एकच उत्तर मिळाले. ते खरेही आहे, पण गाइड नको असे ज्यांनी ठामपणे सांगितले त्यांनी हा धोका आधी सांगायला हवा होता, असे मला आजही वाटते. बिलावर ‘चेनरिंग फिटिंग’ असे दोनच शब्द असल्यामुळे मला पुढे काही बोलता आले नाही. तुम्ही काम बाहेरून करून घेणार असाल तर कोणता भाग लावला, कोणता काढला आणि का, हे बिलावर लिहूनच घ्या.

माझा सल्ला असा की क्लच असलेला रिअर डिरेलर आणि चेन गाइड या दोन्हींची तरतूद करा. एकच परवडत असेल तर आधी गाइड घ्या. क्लच पिंजऱ्याचे पुढे झुलणे घर्षणाने रोखतो. शिमानोचा २०१८ चा अल्टेग्रा आरएक्स आणि २०१९ च्या जीआरएक्समधला आरएक्स८१० हे दोन्ही तुमच्या ११ स्पीडच्या शिफ्टरबरोबर (हँडलवरच्या गिअर बदलण्याच्या खटक्याबरोबर) चालतात आणि ३४ दातांपर्यंतची कॅसेट घेतात. आरएक्स८१२ घेऊ नका, तो ४० ते ४२ दातांच्या मोठ्या कॅसेटसाठी आहे. चेन नवीनच घाला, झिजलेली चेन नव्या दातांवर नीट बसत नाही. लांबीत मात्र फारसा फरक पडणार नाही, कारण सर्वांत मोठ्या रिंगचे आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दात मिळून ५० अधिक २८ म्हणजे ७८ आणि ४२ अधिक ३४ म्हणजे ७६. चेन चढवताना जाड दात बाहेरच्या कडीतच गेला आहे ना, हे पूर्ण एक फेरा फिरवून डोळ्यांनी पाहा.

एवढा खर्च करण्यापूर्वी आणखी एक विनंती. आर७००० चा फ्रंट डिरेलर जुन्या लांब दांड्याच्या डिरेलरपेक्षा वेगळ्या रचनेचा आहे आणि केबलचा ताण जुळवण्याचा स्क्रू त्याच्या अंगातच असतो. अनेक ठिकाणी तो जुन्याच पद्धतीने लावतात आणि मग चेन आत पडत राहते. नवी केबल घालून तो शिमानोच्या पुस्तिकेप्रमाणे एकदा लावून पाहा. चेन पडणे थांबले तर रिंग बदलण्याचा निर्णय त्रासापोटी नव्हे, तर शांतपणे आवडीने घेता येईल. तरीही बदलायचेच ठरले, तर केबल काढल्यावर फ्रेमला उरलेले भोक रबरी बुचाने बंद करा, नाहीतर पावसाळ्यात पाणी थेट बॉटम ब्रॅकेटपर्यंत (क्रँकच्या बेअरिंगपर्यंत) उतरते.

तुमचा रिअर डिरेलर आखूड पिंजऱ्याचा एसएस आहे की मध्यम पिंजऱ्याचा जीएस, आणि फ्रंट डिरेलर फ्रेमला पट्ट्याने आवळलेला आहे की फ्रेमवरच्या पक्क्या पत्रीला बोल्टने जोडलेला, हे पाहून कळवा. एसएस फक्त ३० दातांपर्यंतच चालतो, आणि गाइड कोणता बसेल हे त्या जोडणीवरच ठरेल.