व्हॅलेंटाइन डे प्रेमाचा दिवस कधीपासून झाला?

संत व्हॅलेंटाइनने सैनिकांची चोरून लग्नं लावली, ही गोष्ट सगळीकडे ऐकू येते; पण ती फार नंतर जोडली गेली. तिसऱ्या शतकात रोममध्ये या नावाचे हुतात्मे झाले आणि १४ फेब्रुवारी हा त्यांचा स्मृतिदिन, एवढंच जुनं. प्रेमाचा धागा दिसतो तो इंग्रज कवी चॉसरपासून, १३८०च्या सुमारास. त्याच्या कवितेत या दिवशी पक्षी जमतात आणि आपापला जोडीदार निवडतात.

मला सर्वांत भावतं ते फेब्रुवारी १४७७ मधलं मार्जरी ब्र्यूज या इंग्रज तरुणीचं पत्र. जॉन पॅस्टनशी तिच्या लग्नाची बोलणी चालू होती; त्याला ती 'परमप्रिय व्हॅलेंटाइन' म्हणते आणि मग हुंड्यावर येते: आईने परोपरीने सांगूनही वडील रक्कम वाढवत नाहीत, पण तुमचं माझ्यावर प्रेम असेल तर तेवढ्यासाठी मला सोडणार नाही. वाचताना आजही गलबलून येतं. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं.

पुढे १८४० मध्ये ब्रिटनभर एका पेनीत पत्र जाऊ लागलं आणि भेटकार्डांचा पूर आला. चॉकलेटचे सजवलेले डबे त्यानंतरचे. १९६९ मध्ये तर कॅथलिक चर्चने हा स्मृतिदिन आपल्या सर्वसाधारण दिनदर्शिकेतून वगळला.