मर्चंट नेव्हीच्या कॉलेजातून नौदलात अधिकारी होता येतं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बारावी सायन्सला आहेस, नौदलात अधिकारी व्हायचंय, पण घरचे म्हणतात की आधी मेरिटाइम कॉलेजला, म्हणजे व्यापारी जहाजांवरचे (मर्चंट नेव्हीतले) अधिकारी घडवणाऱ्या कॉलेजला जा, पदवी हातात पडली की तिथूनच नेव्हीत जाता येतं. शिवाय अमेरिकेत अशा कॉलेजातून थेट कमिशन, म्हणजे सैन्यदलातल्या अधिकारीपदाची नेमणूक, मिळतं असं कुठेतरी वाचलंयस. वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. मी मरीन इंजिनिअरिंग करून शॉर्ट सर्व्हिसने, म्हणजे ठरावीक वर्षांच्या कमिशनने, नौदलात गेलो, त्यामुळे ही वाट तुडवलेली आहे.

आधी घरच्यांचा गैरसमज दूर करू. भारतातलं कुठलंच मेरिटाइम कॉलेज नौदलाचं कमिशन देत नाही. ही कॉलेजं डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या मान्यतेने चालतात, म्हणजे खातं बंदरं आणि जहाजवाहतुकीचं. नौदल संरक्षण मंत्रालयाचं. पांढरा गणवेश आणि खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या दोन्हीकडे दिसतात, म्हणून लग्नाकार्यात सगळे एकाच माळेत ओवले जातात. प्रत्यक्षात व्यापारी जहाजावरचा अधिकारी सीओसीवर, म्हणजे सक्षमतेच्या प्रमाणपत्रावर नोकरी करतो, आणि नौदलातल्या अधिकाऱ्याला राष्ट्रपतींकडून कमिशन मिळतं. पहिलं दाखवून दुसरं मिळत नाही.

तरीही कॉलेजनंतर नौदलात जाता येतं, पण तू कुठली पदवी घेतोस यावर सगळं अडतं. इथेच बहुतेक मुलं फसतात. नेरूळच्या टी. एस. चाणक्यला किंवा इतरत्र बीएससी नॉटिकल सायन्स केलंस, तर जहाज चालवणं शिकशील: चार्ट, रडार, ताऱ्यांवरून स्थान काढणं, टक्कर टाळायचे नियम. आणि नौदलात जहाज चालवणारी जी एक्झिक्युटिव्ह शाखा, तिच्या शॉर्ट सर्व्हिसला लागते बीई किंवा बीटेक, किमान ६० टक्के. म्हणजे ज्याने समुद्राचं शिक्षण घेतलं तो बाहेर, आणि ज्याने आयुष्यात होडी पाहिली नाही असा कॉम्प्युटर इंजिनिअर आत. सीडीएसमधून, म्हणजे यूपीएससीच्या पदवीधरांसाठीच्या सैन्यदल परीक्षेतून, नौदल अकादमीला जायचं तरी इंजिनिअरिंगचीच पदवी लागते. मला हे कधी पटलं नाही, पण अर्ज छाननीला माझं मत विचारत नाहीत. बीएससीवाल्याला एक खिडकी उरते ती लॉजिस्टिक्स शाखेची: प्रथम वर्ग, आणि वर लॉजिस्टिक्स, मटेरियल मॅनेजमेंट किंवा फायनान्ससारखा पदव्युत्तर डिप्लोमा. पण ज्याला ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथे, उभं राहायचंय त्याने भांडार आणि हिशेब सांभाळायला जायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

बीटेक मरीन इंजिनिअरिंगचं तसं नाही. तळेगावजवळ इंदुरीला तोलानी आहे, मुंबईत आणि कोलकात्यात आयएमयूचे (इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी) कॅम्पस आहेत. नौदलाच्या इंजिनिअरिंग शाखेच्या जाहिरातीत मेकॅनिकलच्या शेजारीच ‘मरीन’ लिहिलेलं असतं. शिवाय बीटेक असल्यामुळे एक्झिक्युटिव्हलाही अर्ज करता येतो. विशाखापट्टणमला आयएमयूत नेव्हल आर्किटेक्चर, म्हणजे जहाजांची रचना, केलंस तर नौदलाची नेव्हल कन्स्ट्रक्टरची वेगळी शाखा आहे, तिथे उमेदवारांची गर्दीही कमी.

यातली खरी अडचण वयाची. शॉर्ट सर्व्हिसची वयोमर्यादा साधारण पंचविशीला संपते. बाविसाव्या वर्षी पदवी मिळते, कंपनी ट्रेनी म्हणून जहाजावर घेते, डॉलरमधला पहिला पगार येतो, मग क्लास फोरची, म्हणजे इंजिनिअरच्या पहिल्या सीओसीची परीक्षा, मग पुढचं कॉन्ट्रॅक्ट. एसएसबीचं, म्हणजे सैन्यदलाच्या निवड मंडळाचं बोलावणं आलं तेव्हा गडी ब्राझीलच्या किनाऱ्यावर. परत येईपर्यंत जन्मतारीख जाहिरातीच्या बाहेर. माझ्या बॅचमधले नौदलाची स्वप्नं बघणारे बहुतेक असेच गळाले, नापास होऊन नव्हे. म्हणून नौदलात जायचंच असेल तर अर्ज शेवटच्या वर्षातच भरायचे. निवड आधी पदवीच्या गुणांवर होते, मग एसएसबीला बोलावतात. एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट असेल तर गुणांत सवलत मिळते.

एसएसबी पाच दिवसांची. पहिल्या दिवशीच्या चाळणीत बरेच जण परत जातात, मग मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटकामं, मुलाखत. मरीनवाल्याला मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: ‘मर्चंट नेव्हीत पैसा जास्त आहे, मग इकडे कशाला?’ इथे देशसेवेचं भाषण ठोकू नकोस, समोरच्या अधिकाऱ्याने ते सकाळपासून दहा जणांकडून ऐकलेलं असतं. मी कामातला फरक सांगितला होता. व्यापारी जहाजाच्या इंजिनरूममध्ये मोजून चार-पाच इंजिनिअर, रात्री तर खाली कुणीच नसतं, अलार्म वाजला की ड्युटीवाल्याने केबिनमधून धावायचं. युद्धनौकेवर त्याच खात्यात माणसांचा ताफा असतो, आणि यंत्र चालवण्याइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे गोळा लागून पाणी आत आलं तरी जहाज तरंगतं आणि लढतं ठेवणं. मला माणसं सांभाळायची होती. त्यावर त्यांनी तासलं भरपूर, पण खोटं नव्हतं म्हणून निभावलं.

निवड झाली की केरळात एझिमलाला नौदल अकादमी (गोव्यात आयएनएस मांडवीला होती, ती २००९ मध्ये तिकडे गेली), आणि इंजिनिअरिंगवाल्यांना पुढे आपलं लोणावळ्याचं आयएनएस शिवाजी. रँक सब लेफ्टनंट, मूळ वेतन ५६,१०० आणि मिलिटरी सर्व्हिस पे १५,५००, वर भत्ते. नोकरी वाढवून वाढवून जास्तीत जास्त १४ वर्षांची. पेन्शन नाही, हे घरी आधीच सांगून ठेव.

आता अमेरिकेचं. तू वाचलंस ते खरं आहे. न्यूयॉर्कजवळ किंग्ज पॉइंटला त्यांची मर्चंट मरीन अकादमी आहे, १९४३ पासूनची. तिथून बाहेर पडणाऱ्याला पदवी, व्यापारी जहाजावरच्या थर्ड मेट किंवा थर्ड असिस्टंट इंजिनिअरचं लायसन्स आणि सैन्यदलाचं कमिशन, तिन्ही एकदम मिळतात. बरेचसे नौदलाच्या राखीव दलात स्ट्रॅटेजिक सीलिफ्ट ऑफिसर होतात आणि एरवी व्यापारी जहाजांवर काम करतात. मेन, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क, टेक्सास अशा राज्यांच्या मेरिटाइम अकादम्यांतूनही ही सोय आहे. युद्ध पेटलं की रणगाडे आणि दारूगोळा मालवाहू जहाजांनीच न्यावा लागतो, तेव्हा ती चालवणारी माणसं हाताशी हवीत, हा त्यामागचा हिशेब. अमेरिकी नागरिकत्व असेल तरच हे कमिशन. तिकडच्या एखाद्या चुलत भावाला उपयोगी पडेल, तुला नाही.

गंमत म्हणजे ही राखीव दलाची वाट एकेकाळी आपल्याकडेही होती. माझगावजवळ नांगरलेल्या ‘डफरिन’ या प्रशिक्षण जहाजावर १९२७ मध्ये जी पहिली तुकडी आली, तिच्यात रामदास कटारी होते. पुढे ते कोलकाता बंदराच्या नोकरीत गेले, दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा स्वयंसेवक राखीव दलातून नौदलात आले, आणि १९५८ मध्ये भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. आणि चाणक्य ही त्या डफरिनचीच वारस, मधे ‘राजेंद्र’ जहाज होऊन गेलं.

तू अजून बारावीत आहेस, म्हणून माझ्या मते क्रम उलटा लाव. यूपीएससीची एनडीएची परीक्षा दे, वर्षात दोनदा होते, आता मुलींनाही खुली आहे. जेईई मेन दे, कारण त्याच्या रँकवर नौदलाची १०+२ बीटेक एंट्री आहे: एझिमलाला चार वर्षं, सगळा खर्च नौदलाचा, कमिशन कायमचं. त्याला पीसीएममध्ये ७० टक्के लागतात आणि वय साडेएकोणीसच्या आत. आयएमयू सीईटीचा, म्हणजे मेरिटाइम कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्मही भर, पण प्रवेश घेशील तो मरीन इंजिनिअरिंगला, नॉटिकलला नाही. शॉर्ट सर्व्हिसला पेन्शन नाही म्हणून घरचे कुरकुरले तर सांग की नौदलातून बाहेर पडलेल्यांना व्यापारी जहाजांवर जाण्यासाठी डीजी शिपिंगने रस्ता आखून दिलाय. इकडून तिकडे जाणं त्या मानाने सोपं.

आणि हे सगळं करायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन रंगांधळेपणाची तपासणी करून घे. ठिपक्यांच्या वर्तुळात आकडे ओळखायचे असतात, दहा मिनिटांचं काम. त्यात दोष निघाला तर दोन्ही नेव्ही बंद, आणि फॉर्मचे पैसे वाचतील.